सातव्या प्रकरणातली मुलगी

परवा रविवारी भर दुपारी आम्ही नवराबायको कादंबरीची प्रुफं तपासायला बसलो... आणि माझं डोकंच उठलं.

कादंबरी आमच्या ह्यांची. दिवसभर सेक्रेटरिएटात फायली लिहायच्या, घरी आलं की हे! अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, त्यामुळे प्रेससाठी सुवाच्य प्रत काढायचं काम अर्थातच माझं.

आता गोष्ट ऐका. एका संसारी माणसाच्या घरातलं रोज एक दार भिंतीत विरघळून जातं. बायकोला त्याचं काही नाही, ती आपली वरणाला फोडणी देतेय! सातव्या प्रकरणात त्यांची मुलगी संत्र्याच्या पेटीत बसून काटोलहून आगगाडीनं निघून जाते. कुठे, का, तिकीट कोणी काढलं... काही पत्ता नाही. मुलीला साधं नावसुद्धा नाही, सगळीकडे नुसतं 'मुलगी'.

हे उतरवून काढताना माझा किती जळफळाट झाला, सांगायची सोय नाही. आमची कुसुम जाऊन दोन वर्षं झाली. चार वर्षांची होती, तापानं गेली. तेव्हापासून या माणसानं तिच्याबद्दल माझ्याशी एक शब्द काढलेला नाही. मी विषयाच्या जवळपास गेले, की हे उठून बाहेर. आणि इथे अडीचशे पानं! कागदाशी बोलता येतं, बायकोशी नाही?

असो. प्रुफं सोमवारी दहाच्या आत हवी होती. प्रेसजवळ टाईपाचे खिळे थोडे, ही पानं छापून ते सुटल्याशिवाय पुढची जुळवता येत नाहीत. तेव्हा नेहमीची रीत... हे माझी प्रत मोठ्यानं वाचणार, स्वल्पविराम-पूर्णविरामासकट, आणि मी छापलेल्या ओळीवर बोट ठेवून चुका खुणवणार.

सहावं प्रकरण सुरळीत झालं. सातवं आलं तशी टाळाटाळ सुरू. आधी पाणी, मग चष्मा, मग "ऊन फार आहे, उद्या पाहू न."

"उद्या कधी? वाचा मुकाट्यानं!" मी म्हटलं.

वाचू लागले. "कुसुम पेटीत बसली, पूर्णविराम. कुसुमनं हात हलवला, स्वल्पविराम..."

माझं बोट थांबलं. प्रुफात 'मुलगी' होतं. प्रतीतही 'मुलगी'च, मीच तर लिहिलं होतं. ह्यांच्या ते गावीही नव्हतं. मान खाली, आवाज एकसुरी, आणि पुन्हा पुन्हा तेच नाव.

"चूक आहे काय?" ह्यांनी विचारलं.

"आहे. तुम्ही वाचत राहा."

त्या पानावर नऊ ठिकाणी मी 'मुलगी' खोडून समासात 'कुसुम' लिहिलं. शेवटची दोन-तीन मला नीट दिसलीही नाहीत. मग पान ह्यांच्यापुढे ठेवलं. "असंच राहू दे," एवढंच म्हणाले, पण उठून गेले नाहीत.

सोमवारी हे ऑफिसात, म्हणून टांगा करून मीच इतवारीतल्या प्रेसमध्ये गेले. म्हातारे कंपोझिटर पान पाहून वैतागले. "येवढं काहून बदलवलं, बाई? आता सारं पान पुन्हा जुळवा लागते मले! कोनाचं नाव होय हे?"

दोन वर्षं मी ह्यांच्यावर चिडत होते... पण ते नाव माझ्याही तोंडून कधी निघालं नव्हतं. तिथे उभं राहिल्यावर ते कळलं.

"आमच्या मुलीचं," मी म्हटलं. "कुसुम. ती गेली."

त्यांनी मला बसायला स्टूल दिलं आणि खिळे उचलायला लागले.

कादंबरी मला अजूनही कळलेली नाही. पण माझ्यासमोर त्या कंपोझिटरांनी एकेक अक्षर लावून तिचं नाव नऊ वेळा जुळवलं... त्यांचे उपकार कसे फेडायचे, तेही कळत नाही.