दोन गठ्ठ्यांमधला हात

कोर्टासमोरच्या टायपिंगच्या दुकानात एक म्हातारा बहरिनी बसायचा. अर्ज लिहून घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तो आधी विचारायचा, "सुन्नी, जाफरी?" आणि उत्तर येईपर्यंत त्याचा हात छापील अर्जांच्या दोन गठ्ठ्यांवर घुटमळायचा; एक सुन्नींच्या शरिया कोर्टाचा, दुसरा जाफरींच्या, म्हणजे शियांच्या.

मला घटस्फोट हवा होता आणि मुलीचा ताबा. मी म्हणाले, "बौद्ध."

हात मधेच थांबला. त्याने चष्मा काढून डोळे चोळले आणि खणातून कोरा कागद काढला.

"तुम्हारा सिव्हिल कोर्ट," तो थकलेल्या हिंदीत म्हणाला. मग गठ्ठ्यांकडे बघत, "इनका कानून एक हो गया, दरवाजा अभी भी दो. मैं सुन्नी, दामाद जाफरी. बेटी का तलाक हुआ, तो मैं खुद पूछता फिरा, कौन सा दरवाजा."

टाइप करता करता, मान वर न करता त्याने विचारलं, "बच्ची किसके पास सोती है?"

सहा महिने नातेवाईक, शेजारी, वकील सगळे मला चूक कोणाची एवढंच विचारत होते. हे कोणीच विचारलं नव्हतं.

"माझ्याकडे," मी मराठीतच बोलून गेले.

त्याला कळलं. त्याने ते अरबीत टाइप केलं.