व्याह्यांचा राम राम

आमच्या ढाणकी-उमरखेड रस्त्यावर समोरून दुचाकीवर ओळखीचा माणूस आला, की हात वर करून राम राम घालावाच लागतो. नाही घातला तर माणूस माजला म्हणतात. आणि हात उजवाच हवा. डाव्या हाताचा राम राम न घातल्यापेक्षा वाईट. आता ॲक्सिलेटर उजव्या हातात, पुढचा ब्रेकही उजव्याच हातात, पण हा विचार करतो कोण? आमच्याकडे मान आधी, हाडं मग.

माझे बाबा ढाणकीचे शेतकरी. सकाळी ते दुधाच्या कॅन घेऊन उमरखेडला निघतात. माझे सासरे, म्हणजे मामाजी, उमरखेडच्या कचेरीतून निवृत्त झालेले. ते त्याच वेळी ढाणकीकडच्या आपल्या शेतावर जातात. त्यामुळे दोघे रोज समोरासमोर येतात. बाबा मुलीचे बाप, म्हणून राम राम त्यांनीच आधी घालायचा, हे कोणी न सांगता ठरलेलं.

दोन वर्षांपूर्वी कोणीतरी अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळू घातलं होतं. मामाजींना पाहून बाबांनी हात उचलला आणि पुढचं चाक दाण्यांवरून सटकलं. उजवं मनगट मोडलं, दूध रस्ताभर झालं. मामाजींनीच त्यांना उचलून दवाखान्यात नेलं. तिथे बाबांनी राहिलेला राम राम डाव्या हाताने पुरा केला आणि वर त्याची माफी मागितली!

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी हेल्मेट घेऊन माहेरी गेले. बाबांचा हात माझ्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली, की चालत्या गाडीवर हँडल सोडायचं नाही.

"अन् इवायाले, तुह्या सासऱ्याले, काय करू?" बाबा म्हणाले. "डाव्या हातानं राम राम? लोक शेण घालतीन तोंडात."

"मान हलवा," मी म्हटलं.

मी सासरी परतले आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात मामाजी दिसताच त्यांनी ती हलवली. पण हेल्मेटातली मान कोणाला दिसते? मामाजी दुपारी घरी आले ते तोंड फुगवूनच.

"तुह्या बाबाले काहून एवढा गर्व झाला व? आज ओळखच देल्ली नाई."

मी सांगून टाकलं, "मामाजी, शपथ मी घातली. त्यांचा दोष नाही." त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यानंतर घरात माझ्याशी कोणी धड बोलेना. शेवटी मी बाबांना फोन करून म्हटलं, जाऊ द्या, शपथ सुटली समजा.

"शपथ अशी सुटत नसते," बाबा म्हणाले. "पण तुले त्या घरात राहाचं हाय. पाहतो मी."

दुसऱ्या दिवसापासून मामाजींची गाडी दुरून दिसली, की बाबा आपली गाडी कडेला घेत. कॅनसकट ती स्टँडवर चढवत, हेल्मेट काढत आणि दोन्ही हात जोडून उभे राहत. "राम राम, इवाई!" मामाजी न पाहताच निघून जात. दूध उशिरा पोचू लागलं, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. बाबांनी एक दिवस चुकवला नाही. ऐकून आधी मला लाजच वाटली. मग हळूहळू अभिमान वाटू लागला. माझ्यासाठी माझा बाप रोज भर रस्त्यात उभा राहत होता, आणि शपथही मोडत नव्हता.

संक्रांतीला मी मामाजींच्या गाडीवर मागे बसून माहेरी निघाले. समोरून बाबा आले. ते गाडी कडेला घेऊ लागले, तोच मामाजींनी आमची गाडी थांबवली. दोन्हीकडे पाहून रस्ता ओलांडला आणि बाबांच्या आधी स्वतःच हात जोडले.

"राम राम, इवाई. आता उतरत नका जाऊ. मान हलवली तरी मले पोचते."

मुलाच्या बापाने आधी राम राम घातलेला आमच्या अख्ख्या गोतात कोणी पाहिला नव्हता. बाबा घाईघाईने हेल्मेटचा पट्टा सोडायला गेले, पण ओढताना तो आणखीच आवळला. मी जाऊन तो सोडवला आणि हेल्मेट उतरवलं. मामाजींनी ते हेल्मेट माझ्या हातून घेतलं, बाबांच्या घामाने ओलं होतं तसंच आपल्या डोक्यावर चढवलं आणि मला म्हणाले, "असंच एक मलेबी आणजो, बाई."