भूलबाईंचा सत्कार

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे त्यांना मॅडम म्हणत, पण पाठीमागे त्या भूलबाई होत्या. एका आयानं पाडलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंनाही ते ठाऊक होतं; राग नव्हता. रोग्याला भूल द्यायची, तो झोपेत असेपर्यंत त्याच्या श्वासावरून नजर हलू द्यायची नाही, आणि काम उरकलं की त्याला अलगद जागं करायचं, यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. जागा झालेला माणूस सर्जनचे हात धरतो, घरच्यांना शोधतो. भूल देणारीचा चेहरा त्याच्या लक्षात राहत नाही. एकदा बाजारात एक गृहस्थ त्यांना धक्का देऊन तसेच पुढं गेले. आदल्याच आठवड्यात त्या माणसाचा श्वास बाईंच्या हातात होता. बाई स्वतःशीच हसल्या आणि कांदे घेऊन घरी आल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. लग्न राहून गेलं. आधी शिक्षण, मग वडिलांचं आजारपण, मग ‘आता या वयात कुठं’ असं होत गेलं. धाकटी बहीण दूरच्या शहरात, तिच्या संसारात.

अशात शाळेतून फोन आला. मुलींची ती मिशनरी शाळा. आई गेल्यावर वडिलांनी त्यांना तिथल्याच वसतिगृहात ठेवलं होतं. शाळेचं नाव काढलेल्या माजी विद्यार्थिनींचा सत्कार होता, आणि त्यांत भूलबाई होत्या.

“घरच्यांसाठी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवतोय,” फोनवरची तरुण शिक्षिका म्हणाली. “कोण कोण येईल?”

“बघते. कळवते.”

बहिणीला फोन लावला. “अगं ताई, केवढी मोठी गोष्ट!” ती ओरडलीच. “पण सूनबाईचे दिवस भरत आलेत गं. आत्ता मी कशी हलू? फोटो मात्र पाठव हं.”

मग सर्जनना विचारलं. इतकी वर्षं टेबलाच्या दोन बाजूंना उभं राहून काम केलेलं. ते मनापासून खूश झाले आणि म्हणाले, “पण मॅडम, तुम्ही सुट्टीवर, त्यात मीही गेलो तर थिएटरला कुलूपच लावावं लागेल.” खरंच होतं. तिसऱ्या कुणाला विचारावं, असं डोळ्यांसमोर कुणी आलं नाही.

सभागृहात सत्काराच्या इतर मानकरी होत्या एक न्यायाधीश आणि एक वैमानिक. न्यायाधीशबाईंच्या घरची इतकी माणसं आली होती की काही जण दाराशी उभे होते. फिती लावलेली एक विद्यार्थिनी व्यासपीठावर येऊन भूलबाईंच्या कानाशी लागली. “बाई, तुमचे पाहुणे वाटेत आहेत का? की खुर्च्या देऊ कुणाला?”

“देऊन टाक. ते अडकलेत कामात,” बाई म्हणाल्या. खोटं इतकं सहज निघालं की त्यांनाच नवल वाटलं.

एका खुर्चीवर न्यायाधीशबाईंच्या सासूबाई बसल्या. त्यांना दिसायचं बेताचं. भूलबाई पुढं आल्या तेव्हा आपली सूनच समजून त्यांनी जोरजोरात टाळ्या पिटल्या, आणि कुणीतरी कानात सांगितल्यावरही थांबल्या नाहीत.

मुख्याध्यापिका सिस्टरांनी परिचय वाचला, “यांनी हजारो शस्त्रक्रिया केल्या.” बाई माइकपाशी गेल्या. “मी एकही शस्त्रक्रिया केलेली नाही,” त्या म्हणाल्या. “मी माणसं झोपवली आणि उठवली.” हशा पिकला. मग त्यांनी सांगितलं, की वसतिगृहातल्या पहिल्या वर्षी त्या तापानं फणफणल्या होत्या, तेव्हा गणिताच्या सिस्टर त्यांचं मनगट धरून उशाशी बसून राहिल्या. “उंच, किडकिडीत. आम्ही त्यांना पेन्सिल म्हणायचो. मी पुढं जे केलं, ते तेवढंच. झोपलेल्या माणसापाशी बसून राहिले.”

मग चहा झाला, फोटो झाले. फोटोग्राफरनं विचारलं, “एकट्याच का?”

“एकटीच.”

पेन्सिल सिस्टर अजून आहेत, मागच्या इमारतीत राहतात, असं कळलं. “पण आता कुणाला ओळखत नाहीत,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. तरी अंगण ओलांडताना बाईंची पावलं भरभर पडत होती. एवढं एक माणूस तरी आपल्याला ओळखेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

लोखंडी खाट, भिंतीवर क्रूस, खिडकीशी खुर्ची. खुर्चीत सिस्टर एवढ्याशा झालेल्या.

“दिवा बघायला आलीस? लुकलुकतोय मेला.”

“नाही सिस्टर. मी तुमची विद्यार्थिनी.” बाईंनी वर्ष सांगितलं, वसतिगृह सांगितलं, तापाचंही सांगितलं. सिस्टरनी सगळं सभ्यपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

“गणितात कशी होतीस?”

“बरी होते.”

“बरी म्हणजे कच्ची.” मग म्हणाल्या, “आज इकडं कुणी फिरकलंच नाही.”

“सगळ्या सभागृहात होत्या. सत्कार होता.”

“कुणाचा?”

“माझा.”

“मग तू इथं काय करतेस?”

बाईंना हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. सिस्टरनी पाहिलं, पण कारण विचारलं नाही. “स्टूल घे,” एवढंच म्हणाल्या. जेवणाची घंटा होईपर्यंत दोघी बसून राहिल्या. बहिणीला फोटो पाठवायचा त्या दिवशी राहूनच गेला.

पुढच्या रविवारी बाई पुन्हा गेल्या. मग जातच राहिल्या. दर वेळी “कोण गं तू?” आणि दर वेळी पहिल्यापासून सगळी ओळख. त्याची बाईंना सवय होती. घरी परतल्यावर खोल्या तशाच गप्प असत. त्यात फरक पडला नाही. पण शनिवारी संध्याकाळी जायचे कपडे काढून ठेवायचे, हे एक काम झालं होतं.

परवाच्या रविवारी सिस्टर एकदम ताठ बसल्या. “एकोणिसाचा पाढा म्हण.”

बाई एकोणीस सक्कंपाशी अडखळल्या.

“पाठ करून ये पुढच्या वेळी,” सिस्टरनी दटावलं. “आणि लवकर ये.”

“येते,” बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये त्या ओठांतल्या ओठांत पाढा म्हणत होत्या. शेजारच्या बाईनं दोनदा वळून पाहिलं आणि जरा सरकून बसली.