गोठ्यावरचा अंगठा

आमच्या घरात टेबल एकच. नाताळाच्या आदल्या आठवड्यात त्याच्या एका टोकाला मी आणि माझी धाकटी जाऊ करंज्या करत होतो आणि दुसऱ्या टोकाला नात नाताळची कार्डं. रबरी शिक्का शाईत टेकवून कागदावर मारायचा, ओल्या शाईवर सोनेरी भुकटी टाकायची, उरलेली झटकायची आणि हातातल्या यंत्राने गरम हवा सोडायची. भुकटी वितळते, चित्राची रेघ वर उठते. मग आत ब्रशने रंग. चित्र गोठ्याचं होतं, मारियामाय, बाळ आणि गाय. गाय तिने गुलाबी रंगवली. गुलाबी गाय मी आयुष्यात बघितली नाही.

त्या भुकटीला जळक्या प्लास्टिकचा वास. तळणाच्या वासात तो मिसळला की मी पदर नाकाला लावायचे. पंखा लावला की भुकटी पिठात.

नोकरी सुटल्यापासून नात हेच करत होती. तिच्या बापाने बजावलं होतं, "रविवारी मिस्सानंतर चर्चच्या दारात स्टॉल लाव. खपलं तर ठीक. नाहीतर हे सगळं माळ्यावर, आणि तू परत नोकरीला." पोरीची झोप उडाली होती.

जावेला दिसेल ते हातात घेऊन बघायची खोड. करंजी कढईत सोडायची आणि त्याच हाताने कोरे कागद चाळायची.

"हात पूस," मी म्हटलं.

"पुसले की." पुसले कशाला, तर लुगड्याला. लुगडं आधीच तेलकट.

कागदावर तेल दिसलं नाही, पण भुकटी तेलालाही चिकटते. नातीने गरम हवा सोडली आणि बाळाच्या पोटावर जावेचा अंगठा सोन्यात उठला. पुढच्या कार्डावर गाईच्या तोंडावर. खरवडला तर कागद सोलायचा. दुसरा कागद घरात नव्हता.

"काकीआजी, आता तू चोरी करू नकोस. लगेच पकडतील," नात म्हणाली. आवाज रडका होता.

जाऊ कार्ड डोळ्यांजवळ धरून बसली. "आधार कार्डाच्या वेळी मेला उठत नव्हता. इथे बघ कसा उठलाय."

रविवारी मी स्टॉलमागे खुर्चीवर बसले. गावातल्या बायांनी कार्डं उचलली, अंगठा बघितला, खाली ठेवली. नाताळात सगळ्यांचेच हात तेलाचे, त्यांना काय सांगायचं? मग शहराकडच्या फुलपाड्याची कोणी फ्लॅटवाली बाई आली.

"हे अंगठे मुद्दाम केलेत?"

नात माझ्याकडे बघेना. "हो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा आशीर्वाद असतो तो."

चर्चच्या दारात, मिस्सानंतर लगेच, हे खोटं. बाईने मैत्रिणींना हाका मारल्या आणि टेबल रिकामं झालं.

यंत्र माळ्यावर गेलं नाही. नातीचा बाप आता नोकरीचं नाव काढत नाही. ऑर्डर आली की जाऊ वाटीत तेल घेऊन बसते, अंगठा बुडवते आणि मला विचारते, "बाय, तुझा पण घेऊ का एक?" मी हात पदराखाली घेते. ज्या अंगठ्याने ती तपकीर ओढते, तो लोक कपाटात मांडून ठेवतात.

काल भाताच्या घासात सोनेरी कण लागला. मी ताटातच थुंकले.