दुपारची भाकरी

गुलाबराव घाडगे मूळचे बार्शीचे, पण सारं आयुष्य गेलं दिल्लीतल्या मयूर विहारमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. सरकारी नोकरी, आधी बस, पुढं मेट्रो, आणि रोज दिवेलागणीला घराच्या दारात. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो आणि सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला जातो, म्हणजे ते बोलतात आणि मी ऐकतो. गेल्या हिवाळ्यात भानुमतीवहिनी गेल्या. तेव्हापासून ऐकायचा विषय एकच, ज्वारीची भाकरी. बायको जाऊन चार महिने झालेल्या माणसानं उठता-बसता भाकरीचं काय लावलंय, असं वाटून मला आधी रागच यायचा. मग लक्षात आलं की वहिनींचं नाव घेतलं की त्यांना पुढं बोलवत नाही. भाकरीचं नाव तेवढं घेता येतं.

उन्हाळ्यात त्यांची शुगर वाढलेली निघाली. मुलगी तेजश्री नोएडात नोकरीला, तिनं सगळा कारभार हातात घेतला. पोळ्या बंद झाल्या आणि त्यांच्या जागी मल्टिग्रेन टॉर्टियाची, म्हणजे तयार परदेशी पोळ्यांची, पाकिटं आली. पाकिटावर हिरवंगार शेत आणि हसरी बाई. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. आधी मैदा, मग तेल, मग मीठ, आणि ती नावाजलेली धान्यं पार शेवटी, चिमूटभर. माझं डोकंच फिरलं. बिचाऱ्या टॉर्टियाचा यात काय दोष? तिच्या मुलखात ती चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची, वाटून, थापून, तव्यावर भाजलेली, म्हणजे आपल्या भाकरीची लांबची बहीणच. या पाकीटवाल्यांनी तिचा मका काढून घेतला आणि नाव तेवढं ठेवलं.

डॉक्टरीणबाईंकडं मीच त्यांच्याबरोबर गेलो. बाई म्हणाल्या, टॉर्टिया खा, पोळी खा नाहीतर भाकरी खा, पण धान्य अख्खं असू दे, एक-दोनावर थांबा आणि ताटात डाळ-भाजी जास्त घ्या. भाकरी खाल्ली म्हणून शुगर पळून जात नाही, हेही त्यांनी बजावलं. गुलाबरावांनी त्यातलं 'भाकरी खा' एवढंच ऐकलं.

परत येताना मी विचारलं, तुमच्या घरात तर कायम पोळीच, एवढी आवड होती तर इतकी वर्षं वहिनींना सांगितलं का नाही? तेव्हा त्यांनी जुनी गोष्ट सांगितली. लग्नानंतर वहिनी दिल्लीत आल्या, तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. ते निघालं जुनं, विरी गेलेलं, चिकटपणाचा पत्ता नाही. भाकरी थापताना चिरायची, उचलताना मोडायची. नवी नवरी परातीपुढं रडायला लागली. हे घाबरले आणि म्हणाले, जाऊ दे, मला भाकरी आवडतच नाही, तिचा वाससुद्धा नको वाटतो. वहिनींनी डोळे पुसले आणि कणीक भिजवली. त्या दिवसापासून घरात पोळी. पुढं कितीदा मागावंसं वाटलं, पण आपलं खोटं उघडं पडेल आणि तिला ते रडणं आठवेल, म्हणून राहून गेलं.

त्या रविवारी गुलाबरावांनी शेजारच्या कोटल्याच्या चक्कीवरून ज्वारी दळून आणली आणि मला जेवायला बोलावलं. पहिली भाकरी मोडली. दुसरीला कुठल्यातरी राज्याच्या नकाशाचा आकार आला. तिसरी गोल झाली, पण फुगायचं नाव घेईना. तेवढ्यात किल्लीनं दार उघडून तेजश्री आत आली आणि तिथंच थबकली.

"बाबा, तुम्ही भाकरी करताय? तुम्हाला तर वासही सहन होत नाही ना?"

"कोण म्हणालं?"

"आई."

मग तीच सांगत गेली. ती शाळेतून यायची तेव्हा आई दोघींपुरत्या भाकऱ्या करायची. पीठ थोडं थोडं दळून आणायची, ताजं. भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि वर कच्चं तेल. जेवण झालं की परात, तवा घासून जागेवर आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या, कारण बाबा यायच्या आत वास जायला हवा. बाबा बिचारे बोलणार नाहीत, पण त्यांना त्रास नको, असं आई म्हणायची.

"फुगायच्या?" गुलाबरावांनी विचारलं.

"एकदम टम्म. आणि काय आवडीनं खायची ती, बाबा! मग तुम्ही रिटायर झालात, दुपारी घरी असायला लागलात. तेव्हापासून तिनं करायचंच सोडलं."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तेव्हा मीच उठून गॅस बंद केला. तेजश्रीनं गुलाबरावांच्या पिठाच्या हातावर हात ठेवला.

"एक दिवस तरी ऑफिसातून लवकर घरी यायला हवं होतं मी," ते म्हणाले.