मला न सुचलेली चाल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. प्रार्थनेतही नाही — तिथेसुद्धा मी याला वळसा घालून पुढं जातो, जणू देवाला ठाऊकच नाही.

देवळाली प्रवराच्या बाजूला चर्चमध्ये कधी माझं कीर्तन ऐकलं असेल, तर तो भाग तुम्हाला आठवेल. बायबलातला जुना संदेष्टा लोकांना विचारतो — बोकडं कशाला आणता, तेलाचे बुधले कशाला ओतता? देवाला एवढंच हवंय : न्यायानं वागा, दया करा, त्याच्याबरोबर नम्रपणे चाला. नुसतं सांगितलं की लोक माना डोलावतात. पण त्यावरचं पद मी सुरू केलं, की बायाबापड्या डोळे पुसतात. त्या चालीनंच माझं नाव झालं.

लोक मला नम्र म्हणतात. मी हार घेत नाही, खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसतो. खरं सांगू? बसताना लोक बघताहेत ना, हे मी तिरक्या नजरेनं बघून घेतो.

आता बोलतोच. पदाचे शब्द माझे. चाल माझ्या बायकोची, सगुणाची. मी आठवडाभर पेटीशी झटत होतो, काही जमेना. तिनं कपडे वाळत घालता घालता ते शब्द गुणगुणले आणि चाल लागली. मी फक्त पेटीवर सूर शोधले.

पहिल्यांदा गायलो, तेव्हा पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, चाल कुणाची? सगुणा बायकांत पुढंच बसली होती. मी हात जोडले, मान खाली घातली. म्हणालो, "माझं काय त्यात? देवानं दिली."

काय वाक्य आहे बघा! खोटं म्हणावं तर खोटं नाही — सगळं देवच देतो. आणि कौतुक मात्र सगळं माझ्या पदरात. वर पुन्हा, केवढा नम्र माणूस!

घरी आल्यावर ती हसली. "देवानं दिली व्हय? मंग आज भाकरी बी त्यालाच थापाया सांगा." मीही हसलो. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "पुढच्या येळंला नुसतं 'घरातून आली' म्हना. नाव नगं."

मी हो म्हणालो. पुढची वेळ आली, गेली. कितीतरी आल्या. का नाही बोललो? आधी लाज वाटली, मग मोठेपणाची चटक लागली. तिनं पुन्हा विचारलं नाही. घरातलं तिचं गुणगुणणं थांबलं. ते माझ्या ध्यानात आलं होतं — मी आलं नाही असं दाखवलं.

मागच्या उन्हाळ्यात सगुणा गेली. कबरीपाशी चर्चमधल्या पोरांनी तीच चाल धरली, काकांची चाल, काकूंच्या आवडीची म्हणून. मग पाळकसाहेब मला म्हणाले, दोन शब्द बोला. अगदी ओठांवर आलं होतं. सगळे समोर होते. गमावण्यासारखं माझ्याकडं तरी काय उरलं होतं?

मी म्हणालो, "फार साधी बाई. तिला कधी नाव नको होतं."

लोक रडले. कुणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो मी ठेवू दिला.

नाव नको होतं, हे खरं. तिला दोन शब्द हवे होते. तेवढेच तिनं माझ्याकडं मागितले होते, आणि ते मी तिच्या कबरीपाशीही दिले नाहीत.