भरल्या टाकीची उंची

मला एक सवत आहे. लाल अंगाची, पितळी घंटेची, चढावर खोकणारी. आमच्या उपनगरातल्या अग्निशमन केंद्राचा जुना बंब. तिला सगळे थोरली म्हणतात, आणि तिचे ड्रायव्हर असलेल्या आमच्या ह्यांना चकाकराव. कामावर गेल्या गेल्या हे आधी तिची घंटा घासतात, मगच माणसांशी बोलतात. घासायच्या फडक्याला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नाही. घरातले डबे काळे पडले तरी ह्यांना दिसत नाहीत, ते सोडा.

केंद्राची इमारत हातगाड्यावरच्या पंपाच्या काळातली, त्यामुळे दरवाजा बुटका. पुढे थोरली आली, ती कशीबशी मावली. जवान तिच्या मागच्या फळीवर उभे राहून आगीवर जायचे. हाताने फिरवायचा भोंगा, लाकडी शिडी, कापडी पाइप, सगळा संसार तिच्याच अंगावर. मग नवी गाडी घ्यायचं ठरलं.

"नवी दारातून आत जात असेल, तर थोरली भंगारात," साहेब म्हणाले आणि नवीची उंची मोजायला ह्यांनाच धाडलं.

"टेप जरा ढिली धरा," मी सुचवलं.

"आणि उद्या कुणाचं घर पेटलं तर?" हे माझ्यावरच डाफरले. मोजून आले, "मावते" म्हणाले आणि न जेवता झोपले. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप भंगारवाल्याला गाठलं आणि निदान घंटा तरी आम्हाला दे म्हणून सांगून आले.

नवी आली आणि अलगद दारातून आत गेली. थोरलीला मागच्या अंगणात हौदापाशी उभं केलं. त्याच आठवड्यात लाकडाच्या वखारीला आग लागली. नवीने ती बघता बघता विझवली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ऐटीत परत आली, आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, आणि दारात खाड! टपावरच्या दिव्याचा चुरा.

"जाताना तर नीट गेली! तासाभरात वाढली की काय पोरगी?" साहेब ओरडले.

वाढलीच होती. टाकी रिकामी झाली, वजन उतरलं, स्प्रिंगा वर आल्या आणि गाडी चार बोटं उंच झाली.

"तुम्ही भरलेली गाडी मोजलीत?" साहेबांनी ह्यांना विचारलं.

"म्हणजे काय! आगीची गाडी रिकामी कधी उभी असते का?" हे म्हणाले.

जवान एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या कुणीही ती तशीच मोजली असती. आधी एक फिसकन हसला, मग साहेबही.

पण गाडी रस्त्यात अडकलेली, आणि तिचा पाइप हौदापर्यंत पोचेना. हे अंगणात धावले. थोरली दोनदा खोकली, चालू झाली, हौदातलं पाणी खेचून कापडी पाइपाने नवीला पाजू लागली. नवी हळूहळू खाली बसली आणि शहाण्यासारखी आत गेली.

"दरवाजा उंच करू या का?" कुणीतरी विचारलं.

"वरची तुळई कापली तर मजला डोक्यावर येईल," साहेब म्हणाले. "थोरली कुठेही जात नाही. अंगणात तिच्यासाठी शेड घाला."

हे सगळ्यांसमोर रडले. मीही रडले, सवतीसाठी!

तेवढ्यात भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. "वहिनी, तुमची घंटा आधी काढून देऊ ना?"

मला कुठे तोंड लपवू असं झालं. हे माझ्याकडे बघतच राहिले. मग खिशातून फडकं काढून माझ्या हातात ठेवलं.

"घे," म्हणाले, "आज तू घास."